तळणीच्या तेलावर चालणारे इंजिन

मी एक जुने डिझेल इंजिन आहे मित्रांनो, आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. बोट धक्क्यावर पाच मिनिटे जास्त थांबली तरी माझा जीव खालीवर होतो.

ओसाकाच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि ओगुशी बेटाच्या फेरीबोटीत मला बसवले गेले. चाळीस वर्षे मी माणसे, टपाल, तांदळाची पोती आणि एका वादळात तर कळा सुरू झालेली बाईसुद्धा पलीकडे पोचवली. त्या दिवशी लोकांनी माझ्या झाकणावर साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली ठेवून हात जोडले. साके मला काय कामाची! पण ऊर भरून आला.

मग वय झाले. माझा धूर काळा येऊ लागला. धक्क्याला लागूनच फुमिएकाकूंचे वाळवण असते. नखाएवढी पांढरी मासळी उकडून जाळ्यांवर पसरायची, यावरच त्यांचे पोट चालते. एका वसंतात माझी काजळी सगळ्या वाळवणावर बसली. काकूंनी बोटीचा मेकॅनिक इसामु याला गाठले.

"काय रे, तीळ लावून विकू का आता मासळी?"

"जुनं इंजिन आहे काकू, जरा खोकतं."

"खोकू दे की. माझ्या जाळीवर कशाला?"

मला फार शरम वाटली. पुढच्या मोसमापर्यंत काजळी कमी झाली नाही, तर मला उतरवून भंगारात द्यायचे, असे बेटाच्या बैठकीत ठरले. त्या दिवसापासून भंगार हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

इसामु तापट, पण तितकाच हट्टी. तळणीच्या उरलेल्या तेलावर प्रक्रिया करून ते डिझेलमध्ये मिसळले, तर इंधन अधिक नीट जळते आणि काजळी कमी पडते, हे तो कुठूनसे शिकून आला. त्याने घरोघरी सांगितले, तेल टाकू नका, बरणीतून पातळच आणून द्या. चार भाग डिझेल, एक भाग ते तेल. पहिल्या दिवशी मला ते मुळमुळीत लागले. इसामुने धुराड्यापुढे पांढरा रुमाल धरला. एरवी काळाकुट्ट होणारा रुमाल नुसता करडा झाला. मी दिवसभर हरखून धावले.

फेब्रुवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी अकरा माणसे घेऊन मी खाडीच्या मधोमध होते. अचानक घशात काहीतरी अडकले. मी गुदमरले, आचके दिले आणि बंद पडले. बोट खडकांकडे वाहू लागली. धावायचे आहे आणि हलता येत नाही, यासारखी तळमळ दुसरी नाही मित्रांनो. शेवटी एका मच्छीमाराने दोर टाकून आम्हाला ओढत धक्क्याला आणले.

"उतरवा ते धूड," बेटाचे प्रमुख तोकुजी म्हणाले. "म्हणे तळणीच्या तेलावर बोट चालवतात."

इसामुने माझी इंधनाची गाळणी उघडली. आत मेणासारखा पांढरा थर होता. तो त्याने बोटांवर घेऊन सगळ्यांपुढे धरला. "ही तेल घट्ट करायची पावडर. कुणी घातली?"

आमच्याकडे तळणीचे तेल तसेच ओतून देत नाहीत. पावडर घालून त्याची वडी करतात, कागदात गुंडाळतात आणि मग कचऱ्यात टाकतात. ती पावडर प्रत्येक घरात असते. 

"चला, रविवारी उतरवू," तोकुजी म्हणाले.

फुमिएकाकू गर्दीत मागे उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी गेले असते आणि त्यांची मासळी कायमची पांढरी राहिली असती. डोक्याचा रुमाल काढून त्या पुढे आल्या. आधी इसामुपुढे वाकल्या, मग माझ्यापुढे.

"पावडर माझी. असं डचमळणारं, चिकट तेल कुणाच्या हाती देणं बरं दिसेना, म्हणून घट्ट केलं. मग आठवलं, तू पातळ मागितलंयस. पुन्हा तापवलं, गाळलं आणि आणून दिलं."

"मला विचारायचं तरी, काकू. तापवून, गाळून ती पावडर जात नाही, गारठ्यात पुन्हा गोठते."

"एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं, असं वाटलं. अकरा जणांचा जीव टांगणीला लागला माझ्यामुळे. बोल लावायचा तर मला लावा. इंजिनाला कशाला उतरवता?"

तोकुजींनी रविवारचे काम रद्द केले.

आता काकू पातळ तेलच आणतात, ओशाळून, बरणीखाली फडके धरून. वाळवणावर अजून दोन-चार ठिपके पडतात. ते त्या कुरकुरत वेचून काढतात आणि माझी धाकधूक वाढते.

मित्रांनो, जुन्याला भंगारात काढण्याआधी एकदा उघडून बघा. आणि आम्हाला जे पाजता, त्यात काय घातले आहे ते न लाजता सांगत जा. आम्हाला तक्रार करता येत नाही. आम्हाला फक्त बंद पडता येते.