राजवाड्यातलं अर्धं मेज

मी एक जुनं जेवणाचं मेज आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धंच. माझा दुसरा अर्धा भाग अंगणापलीकडे राणीसाहेबांच्या दालनात आहे. दोघांनाही दोनदोनच पाय उरलेत, म्हणून तो तिकडे भिंतीला टेकून, मी इकडे राजेसाहेबांच्या भिंतीला टेकून.

माझी फळी एकाच झाडाची. सुतारांनी तिच्यावर असा रंधा फिरवला, असा फिरवला, की दिव्याची ज्योत माझ्यात पाण्यासारखी हलायची. राजघराण्याच्या पिढ्या माझ्याभोवती जेवल्या, हसल्या, रुसल्या आणि पुन्हा जेवल्या. पाहुणे माझ्यावरून बोटं फिरवून म्हणायचे, "वा! कुठे सांधाच नाही!" मी फुगून जायचो.

या घराची एक रीत होती. राणी बसल्याशिवाय राजाने घास घ्यायचा नाही, आणि राजाने घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. ज्याने ही रीत पाडली त्याला वाटलं असेल, माणसं एकमेकांसाठी थांबायला शिकतील. थांबली खरी!

झालं असं, की राजेसाहेबांनी राणीसाहेबांची लाडकी घोडी एका पाहुण्याला देऊन टाकली. विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं खानसाम्याच्या तोंडून होऊ लागलं.

"राणीसाहेबांना सांगा, भाजीत मीठ जास्त झालंय."

"राजेसाहेबांना सांगा, मग तीही पाहुण्यांना देऊन टाका."

बिचारा खानसामा या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे घालायचा. नोकरांतही तट पडले. राजेसाहेबांचा नोकर त्यांच्याकडचं टोक पुसायचा, राणीसाहेबांची दासी त्यांच्याकडचं. मधला भाग कुणाचाच नाही! तिथे दुधाचे ओघळ वाळून जायचे, आणि नेमकी तिथेच राजा-राणीची लेक बसायची. तिला सगळे पिटुकली म्हणत.

एके दुपारी राणीसाहेब आल्या, पण बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या.

"आधी माफी मागा."

"आधी बसा," राजेसाहेब म्हणाले.

ताटं निवत चालली. पिटुकलीने हळूच विचारलं, "मी खाऊ?"

"थांब!" दोघं एकदमच म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचं एवढंच काय ते एकमत झालं!

पिटुकली थांबली. मग भूक थांबेना, तेव्हा तिने पावाचा तुकडा तोंडात टाकला.

"घराची रीत मोडलीस!" राजेसाहेब कडाडले.

"भुकेल्या लेकरावर काय ओरडता? यापुढे ती माझ्या दालनात जेवेल."

"मग तुमच्या वाट्याचं मेजही घेऊन जा!"

सुतार आला. त्याने माझ्या मधोमध रेघ ओढली, करवत ठेवली आणि मान वर करून विचारलं, "कापू ना, सरकार?"

राजेसाहेबांनी राणीसाहेबांकडे पाहिलं. राणीसाहेबांनी राजेसाहेबांकडे. मित्रांनो, दोघांच्याही ओठांवर 'नको' आलेलं मला दिसत होतं. पण आधी कुणी म्हणायचं? मी आतल्या आत तडफडत होतो, अहो, बोला ना कुणीतरी! पण लाकडाला आवाज कुठला? करवत चालू झाली.

आता जेवणाच्या वेळी इकडून हाक येते, तिकडून हाक येते. पिटुकली कुणाकडेच जात नाही. आपलं ताट घेऊन ती अंगणातल्या पायरीवर बसते, दोन्ही दारं दिसतील अशी, आणि मान खाली घालून एकटीच जेवते. मी इथून नुसता बघतो. दोन पायांवर मी तिच्यापर्यंत जाऊ कसा?

मेज नीट ठेवा, पुसा, त्यावर गरम भांडी आपटू नका, हे तर मी सांगेनच. पण मित्रांनो, मेज पुसून घर जपलं जात नाही. भांडण झालं तर खुशाल भांडा, पण समोरासमोर बसून भांडा. आणि ओठांवर 'नको' आलं असेल, तर समोरच्याची वाट बघत बसू नका. तुम्हीच आधी म्हणा.