फुलचूरच्या पटाची मोटर

फुलचूरच्या आमच्या पटाची गोष्ट सांगा म्हटलं की मी मोटरीपासून सुरुवात करायचो. कारण मोटर मी चालवायचो, आणि ज्या गोष्टीत आपण नाही ती सांगण्यात मला कधी रस नव्हता. आता खोटा तोरा मिरवायचाही कंटाळा आला आहे. म्हणून बैलांपासून सांगतो.

पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. फुलचूरच्या ईश्वरदास मालगुजारांनी, म्हणजे गावच्या जमीनदारांनी, १८९३ साली पहिली जोडी पटात उतरवली आणि सलग सहा वर्षं हरले. लोक तोंडावर हसायचे. मग प्रतापगडाकडच्या जंगलातून फागू नावाचा एक गोंड जवान आला. मालकांनी जोडी त्याच्या हवाली केली आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. लहानपणी मीही त्याला हाकताना पाहिलं आहे. अर्ध्या मैदानात तो कासरे सोडून द्यायचा. दोन्ही हात मोकळे, पाय छकडीच्या चार बोटं रुंद फळीवर, आणि जोडी बाणासारखी सरळ! अंगावर काटा आला होता, हे मी आज कबूल करतो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर केलं नसतं.

पटाच्या दिवशी त्याचा एक नेम होता. जोडीला पहाटेपासून पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पोट हलकं राहिलं तर बैल पळतो. पटवाले सगळेच हे पाळायचे, पण फागू स्वतःही त्या दिवशी पाणी पीत नसे.

ईश्वरदास गेले आणि त्यांचा मुलगा जागेश्वर मालक झाला. त्याला मोटरीचं वेड. १९२७ साली त्याने नागपूरहून एक जुनी मोटर आणली आणि तिच्यासोबत मला आणलं. मी गोपीचंद, गोंदियाचाच, नागपूरच्या गॅरेजात चार वर्षं हात काळे करून आलेलो. मोटरीचा टप, दारं, मागची बैठक, सगळं काढून टाकलं. बैलांच्या झुलीचा लाल रंग तिला दिला. त्या साली गोंदिया ते तिरोडा अशी अठरा मैलांची मोटरशर्यत ठरली होती, आणि जागेश्वरबाबूंनी जाहीर केलं की यापुढे फुलचूरचा पट मोटरीने पळेल. माणसं तीच राहतील. हाकणार मी, निगा राखणार फागूदादा.

मला ते आवडलं नाही. पन्नाशीचा जंगलातला माणूस माझ्या इंजिनाची निगा राखणार? पण तो रोज पहाटे यायचा, मोटर पुसायचा आणि बघत बसायचा. इंजिन सुरू झालं की हात जोडायचा. एकदा मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो तेव्हा त्याने विचारलं की हिला पाणी कशाला लागतं. समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, तहान लागते हिला, तुझ्या बैलांसारखी. आजूबाजूचे हसले, मला बरं वाटलं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे फागूदादाने रेडिएटरची तोटी सोडली आणि सगळं पाणी काढून टाकलं.

निघण्याआधी पाणी बघणं माझं काम होतं. मी फेटा बांधत होतो. पाचव्या मैलावर इंजिनातून धूर आला, मग जळका वास, मग एक आवाज, आणि मोटर जागच्या जागी थांबली. मागून सायकलींवर, छकड्यांवर माणसं आली. जागेश्वरबाबू आले, फागूदादाही आला. पाणी कोणी काढलं, असं मी विचारलं. म्या काढलं, तो म्हणाला, पटाचा दिवस आहे ना. मी शंभर माणसांसमोर त्याला जंगली म्हणालो, आणखीही काय काय म्हणालो. त्याने एका शब्दानेही सांगितलं नाही की तहानेची गोष्ट मीच त्याला सांगितली होती. मोटरीच्या तापलेल्या बोनेटवर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. तळहात भाजला असणार. मग प्रतापगडाच्या वाटेने चालता झाला.

इंजिन नवं बसवलं. पुढच्या तेरा वर्षांत मी नऊ वेळा जिंकलो. नागपूर-जबलपूरपर्यंत लाल मोटरीचं नाव झालं. कोणी फागूचा विषय काढला की मी हसून तो पाण्याचा किस्सा सांगायचो. माझ्या तोंडचा अर्धा भाग गाळून, अर्थातच.

मग लढाई आली. पेट्रोल कुपनावर गेलं आणि शर्यतवाल्यांनी ठरवलं की सगळ्या मोटरी कोळशाच्या गॅसवर पळतील. मागे एक उंच लोखंडी भट्टी बसवायची, तिच्यात कोळसा पेटवायचा, त्याच्या धुरावर इंजिन चालवायचं. आमची मोटर दमेकऱ्यासारखी चालू लागली. तिरोड्याच्या चुन्नीलाल राइसमिलवाल्याने आम्हाला दोन साल धूळ चारली. जागेश्वरबाबूंनी सांगून टाकलं की यंदा, म्हणजे १९४३ साली, हरलो तर मोटर विकणार आणि फुलचूरचा पट बंद. पन्नास वर्षं झाली होती पटाला.

बाजारातला हरतऱ्हेचा कोळसा मी आणून पाहिला. एकच पोतं असं निघालं की मोटर पेट्रोलवर असल्यासारखी पळाली. धावड्याच्या लाकडाचा कोळसा, वाजवला तर काशाच्या भांड्यासारखा वाजे. कुणाचा म्हणून शोधत गेलो तर प्रतापगडाच्या पायथ्याशी फागूदादाच्या दारात पोचलो. आमच्याकडून गेल्यापासून तो जंगलात कोळसाच पाडत होता.

केस सगळे पांढरे झाले होते. बायको मंगली मला ओळखून आत निघून गेली. वाटेभर मी ठरवून गेलो होतो की आधी खरं बोलायचं. तोंडातून निघालं ते फक्त कोळशाचं. त्याने ऐकून घेतलं.

"त्या मोटरीचं म्या लय नुकसान केलं," तो म्हणाला. "कोळसा देतो, अन् मी बी येतो. भट्टी कशी जळून राहिली ते तुले नाही समजाचं."

मी मान डोलावली. माझ्याइतका नालायक माणूस त्या दिवशी जिल्ह्यात दुसरा नसेल.

शर्यतीच्या सकाळी तो मागे भट्टीच्या बाजूला बसला, कान तिच्याकडे लावून. गोंदिया सोडलं आणि मोटरीने अशी उचल घेतली की मला स्टेअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरावं लागलं. दहा मैलांत आम्ही चुन्नीलालला अर्धा मैल मागे टाकलं. एकोडीच्या पुढे फागूदादाने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांबव."

इंजिन झकास चालू होतं. शर्यतीत पुढे असताना कोणी थांबतं का? पण सोळा वर्षांपूर्वी मी या माणसाचं ऐकून घेतलं नव्हतं. मी ब्रेक दाबला. त्याने भट्टीचं झाकण उघडून सळई खुपसली, तर वर कोळसा जसाच्या तसा आणि खाली सगळं पोकळ. विस्तवाने आतून खाऊन टाकलं होतं. आणखी मैलभरात इंजिन बंद पडलं असतं. जंगलातल्या कोळशाच्या भट्ट्यांचा आवाज ऐकत ज्याची सोळा वर्षं गेली त्याला ते पत्र्याआडून ऐकू आलं होतं! त्याने सळईने कोळसा खाली पाडला, टोपलंभर नवा टाकला. चुन्नीलाल हात हलवत पुढे गेला. फागूदादाने जराही घाई केली नाही. झाकण घट्ट लावून म्हणाला, आता हाक.

त्यानंतरचे सात मैल मी आयुष्यात विसरणार नाही. झाडं दिसेनाशी झाली. मी चालवत नव्हतो, मागचा तो म्हातारा चालवत होता, आणि मला त्याचा जरासुद्धा राग येत नव्हता. तिरोड्याच्या बाजाराच्या तोंडाशी आम्ही चुन्नीलालला गाठलं आणि तीन हातांनी पुढे निघालो.

जागेश्वरबाबू मानाचा फेटा घेऊन माझ्याकडे आले.

"मालक, थांबा," मी म्हणालो. "सत्तावीस साली मोटर फागूदादानं नाही बिघडवली. हिले पाणी कायले लागते, असं त्यानं मले इचारलं होतं. म्या मजाक केली, का बैलासारखी तहान लागते. अन् निघाच्या आधी पाणी पाहाचं काम माहं होतं. तेबी म्या नाही केलं."

जागेश्वरबाबू माझ्याकडे बघत राहिले. फागूदादा मात्र माझ्याकडे बघत नव्हता. त्याने हळूच विचारलं,

"मंग ते इंजन माह्या हातानं नाही मेलं?"

"नाही, दादा."

तो रस्त्यावरच खाली बसला. जागेश्वरबाबूंनी वाकून फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि काय पाहिजे ते माग म्हणाले. शेत माग, घर माग.

"एक गोऱ्हा द्या, मालक," तो म्हणाला. "सोळा वर्सं झाले, म्या बैलाले हात नाही लावला. वाटे, लावला का तोबी मरन."

मला तिथे उभं राहवेना, पण जाणार तरी कुठे.

फुलचूरला परतल्यावर जागेश्वरबाबूंनी गोठ्यातला सगळ्यात देखणा पांढरा गोऱ्हा दिला. फागूदादाने दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा गोऱ्ह्याच्या पाठीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही पायीच निघालो. पुढे तो, मध्ये गोऱ्हा, मागे कोळशाची रिकामी पोती डोक्यावर घेऊन मी. प्रतापगडापर्यंत तीन दिवस लागले. वाटेत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. गोऱ्ह्याशी मात्र सारखा बोलत होता.