धाकट्या बहिणीचं बाळंतपण

सुईवाल्या बाईंनी पाचवी सुई डाव्या गालात टोचली, तेव्हा चष्मेवाल्याने मान फिरवली. पलंगावर आडव्या पडलेल्या बायकोला ते दिसलं.

"तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. 'ब' म्हणताना ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटली.

"दुखतंय का?"

"मला नाही."

सुईवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं : चेहऱ्याचा असा लकवा पुष्कळांचा आपणहून सुटतो, सुयांनी काहींना मदत होते असं दिसतं, पण पैज मी लावत नाही, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. बायकोला त्यांचा हा सरळपणा आवडला होता. चष्मेवाल्याला आवडलं होतं ते एवढंच, की अ‍ॅक्युपंक्चरचा हा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता आणि खाली रस्त्यावर पाटी नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या तोंडातून आपोआप ओघळलं. आरशात अर्धा चेहरा झोपलेला. तरी तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात आली. चौदा वर्षं ती काउंटरवर बसत होती. फ्रेम घालून पाहणारी माणसं आरशाआधी तिच्याकडे बघत. "ही नको, यात तुम्ही रागीट दिसता," असं ती बेधडक सांगायची आणि लोकांना ते पटायचं. त्या दिवशी मात्र एका तरुणीने तिच्याकडे पाहिलं, हातातली फ्रेम हळूच खाली ठेवली आणि "येते नंतर" म्हणून निघून गेली.

"तू घरीच थांब काही दिवस," दुपारी तो म्हणाला. "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय ना."

डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. ती पिशवी उचलून घरी गेली. संध्याकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने चौकशी केली तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय." इतकं सहज, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुढे रोज तेच सांगणं आलं.

पडद्याबाहेर पाच खुर्च्या होत्या. डोकं दुखणारी एक मुलगी काळा चष्मा लावून बसली होती. फ्रेम तिला एक नंबर मोठी आहे, हे त्याने सवयीने टिपलं. केमोच्या मळमळीसाठी आलेल्या आजी लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून होत्या. कंबर धरलेला एक ड्रायव्हर बसता येत नाही म्हणून उभाच होता.

"सहा वेळा आलो," तो कुणी न विचारता म्हणाला. "आता निदान वाकून बूट घालता येतो. बायको म्हणते, तेवढाच माझा ताप कमी झाला."

आजी हसल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि मास्तर आत आले. दुकानाचे जुने गिऱ्हाईक, गेल्याच आठवड्यात येऊन गेलेले. दर दोन वर्षांनी काच बदलायचे आणि तासभर गप्पा मारायचे.

"अरे, चष्मेवाले! माझे गुडघे, तुमचं काय?"

"मान," तो म्हणाला. हात आपसूक मानेवर गेला.

"दिवसभर वाकून काम, होणारच," शेजारच्या खुर्चीत बसत मास्तर म्हणाले. "वहिनी आल्या का? झालं का बहिणीचं बाळंतपण?"

मध्ये फक्त कापडी पडदा होता. पलीकडे ट्रेमध्ये सुया पडल्याचा बारीक आवाज येत होता, तो थांबला.

"अजून... म्हणजे..."

पडदा सरकला. बायको बाहेर आली. गालावर लाल ठिपके होते. मास्तरांनी वर पाहिलं आणि लगेच ते आपल्या गुडघ्यांकडे बघू लागले.

"कालच आले, मास्तर," ती म्हणाली. ओठाचा कोपरा बोटाने धरून, एकेक शब्द सावकाश. "मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"वा, वा! आणि हे...?"

"तिकडेच झालं. होईल बरं." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमची मान दाखवून झाली?"

जिना उतरताना ती पुढे होती. खालच्या पायरीवर थांबून म्हणाली, "बाळाचं नाव काय ठेवलं ते ठरवून ठेवा. विचारतील लोक."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"आलोच," म्हणून तो धावत परत वर गेला. मास्तरांची वेळ आधीच ठरलेली होती; ते एव्हाना पलंगावर होते. पँट वर दुमडलेली, दोन्ही गुडघ्यांत पहिल्या सुया.

"मास्तर, ती कुठेच गेली नव्हती. घरीच होती. मीच म्हटलं, दुकानात येऊ नकोस."

मास्तर छताकडे बघत राहिले. "आणि मुलगी?"

"तिला बहीणच नाही."

मास्तरांचा हात दुमडलेल्या पँटकडे गेला आणि थांबला.

"सुया लागल्यात," मास्तर म्हणाले, "नाहीतर उठून गेलो असतो."

खाली आला तेव्हा त्याला छाती हलकी झाल्यासारखी वाटत होती. "मास्तरांना खरं सांगून आलो," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

तिने मान डोलावली. "म्हणजे आता त्यांच्या तोंडावर खोटं बोलले ती मी."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती चालू लागली होती, पण घराच्या बसकडे नाही.

चार वाजता दुकान उघडलं. ती काउंटरवर बसली. पहिलीच बाई आली ती दांडी निखळलेला चष्मा घेऊन. तो भिंगाखाली धरून त्याने नवा स्क्रू चिमट्यात पकडला.

"अगबाई, आलात? बाळ कसं आहे?" बाईंनी विचारलं, आणि चेहरा पाहून त्या थबकल्या.

"कसलं बाळ?" बायको म्हणाली. ज्या आवाजात ती फ्रेमचे रंग सांगायची, त्याच आवाजात. "घरीच होते मी. तोंड वाकडं झालं म्हणून यांनी बसवलं होतं."

"काहीतरीच तुमचं!" बाई हसल्या. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

चिमट्यातून स्क्रू निसटला. तो शोधायला चष्मेवाला टेबलाखाली वाकला. स्क्रू लगेच सापडला. तरी तो बराच वेळ खालीच राहिला.