जिन्याखालचे कॅन

"तिथे माणूस बसतं. तिथे ठेवायचे नाहीत," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या आणि ईथरचा कॅन उचललेला शिपाई जिन्याच्या तोंडाशी खांबासारखा उभा राहिला.

तपासणीच्या दिवशीचा हा संस्थेचा रिवाज होता. प्रयोगशाळेत पेट घेणारे द्रव किती ठेवायचे याला मर्यादा होती. खरेदीच्या उत्साहाला नव्हती. म्हणून तपासनीस यायच्या आत जादा माल जिन्याखालच्या खोलीत जाई. तिथे साफसफाईच्या मावशी बसत, शेजारी त्यांची विजेची शेगडी. तपासनीस वरची कपाटं पाहून खूश होत आणि चहा घेत. तो चहा मावशी खाली त्या कॅनांच्या मांडीला मांडी लावून उकळत.

गेल्या तपासणीला मावशींची बाही पेटली होती. कोपरापर्यंत कातडं गेलं. संचालकांनी तातडीने पावलं उचलली: 'शेगडी जपून वापरा' अशी पाटी लावली.

आता ते स्वतः खाली आले. आधी त्यांनी बाईंना गोडीत घेतलं, मग संस्थेच्या नावाची आठवण करून दिली, शेवटी घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, मर्यादा प्रयोगशाळेला आहे. ही खोली कुठे प्रयोगशाळा आहे?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र वर्गात हजेरी घ्यावी तसा निघाला.

"तुमची केबिन तरी कुठे प्रयोगशाळा आहे, सर?"

आणि शिपायाला त्यांनी, खोलीत आधीच उतरवलेल्यांसकट, सगळे कॅन केबिनमध्ये न्यायला सांगितलं. शिपायाने जन्मात पहिल्यांदा एखादं काम धावत केलं.

मग चमत्कार झाला. इतकी वर्षं जादा माल परत घ्यायला पुरवठादाराला सवड नव्हती. त्याची गाडी तासाभरात दारात आली. तपासनिसांनी शेरा दिला: उत्कृष्ट. संचालकांनी तो नम्रपणे स्वीकारला.

संध्याकाळी बाईंचं प्रमुखपद गेलं. कारण, सहकार्याचा अभाव. बसायला जागा? जिन्याखालची खोली आता रिकामीच झाली होती, असं संचालक म्हणाले. मावशी त्यांच्या हिशेबात नव्हत्याच.

शिपायाने मान खाली घालून बाईंची खुर्ची आणली. मावशींनी आपलं स्टूल भिंतीशी सरकवलं आणि त्या जागेवरून ओलं फडकं फिरवलं.

"वास अजून गेला नाही, बाई," त्या म्हणाल्या. "दार उघडंच ठेवू या."