विश्रांतीची वही

तंजावूरच्या त्या लॉरी ऑफिसात ड्रायव्हरांच्या कामाच्या तासांची वही बारा वर्षं भवानीच्या ताब्यात होती. आज त्याच वहीने तिच्या धाकट्या भावाचा गळा धरला होता.

रघुराम पाच दिवस तुरुंगात होता. भाताची पोती घेऊन आदल्या संध्याकाळपासून सलग अठरा तास लॉरी चालवली, ओरत्तनाडूच्या अलीकडे भरदुपारी डोळा लागला आणि टपरीवर चहा पीत उभा असलेला एक माणूस जिवानिशी गेला. मालकाने कानांवर हात ठेवले. आम्ही नेमाने विश्रांती देतो, म्हणाला, वही बघा. वहीत होतंच! पाच तास गाडी, अर्धा तास विसावा, पुन्हा तीन तास गाडी, मग आराम. खाली रघुरामची सही. म्हणजे गड्याने यथेच्छ झोप काढून, ताजातवाना होऊन माणूस मारला म्हणायचं!

सकाळी ती त्याला भेटून आली होती. जाळीपलीकडे तो भिंतीला धरून उभा होता. दोघं घरच्या तंजावुरी मराठीत बोलली.

"अक्का, मी झोपलोंच नाही. डोळे मिटतात म्हणून फोनवर मालकाला सांगितलों. चालव, म्हणाले."

"मग सही कां केलास, रघु?"

"तूच वही पुढं केलीस. तुझ्या हातचं मी कधी वाचून बघितलों?"

 भवानी आधी ऑफिसात डोकावली आणि तिथून तडक कामगार कार्यालयात गेली. अधिकारी कीर्तना वयाने तिच्याहून लहान होती, पण कायदा तिला तोंडपाठ होता. तिने तमिळमध्ये शांतपणे समजावलं. दिवसाला आठ तास काम. लांबच्या फेरीला परवानगी घेतली तर दहा. पाच तासांनी निदान अर्धा तास विश्रांती, आणि ती द्यायची जबाबदारी मालकाची. भवानीने हे आकडे हजारदा लिहिले होते. पण त्यांच्यामागे एखाद्या माणसाचे लाल डोळे असतात, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटली.

"अठरा तास चालवायला लावलं असेल, तर मालकही अडकेल," कीर्तना म्हणाली. "पण अम्मा, पोलिसांकडची वहीची नक्कल उलटं सांगते. सही तर तुमच्या भावाचीच आहे."

 पोलिसांनी नऊ तारखेच्या पानाची नुसती नक्कल नेली होती. मूळ वही तिच्या पिशवीत होती. ऑफिसचं कपाट उघडून तिने ती उचलून आणली होती. घरी दोन मुली, नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळं या एका नोकरीवर. वही घेऊन परत जावं, असं तिला फार फार वाटलं. मग तिने ती टेबलावर ठेवली आणि पुढची पानं उलटली.

"आज चौदा तारीख. हे पंधराचं पान बघा."

पंधरा तारखेला रघुरामने सकाळी सहाला गाडी काढली होती. अकराला अर्धा तास विसावा घेतला होता. सोळालाही तसंच, तिसालाही तसंच. खाली सह्या.

"एक तारखेला सगळे ड्रायव्हर जमतात," भवानी म्हणाली. "नंतर ते रस्त्यावर असतात, हाती लागत नाहीत. म्हणून महिनाभराचं आधीच लिहायचं, सह्या घ्यायच्या. आमच्याकडे ही रीतच आहे."

"लिहितं कोण?"

"मी."

कीर्तनाने पुढची सगळी पानं उलटून पाहिली. मग म्हणाली, "हे लिहून द्यावं लागेल. खोट्या नोंदींचा गुन्हा तुमच्यावरही येईल. आणि एवढं करून भाऊ सुटेलच असं नाही. माणूस गेलाय."

"कागद द्या," भवानी म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. पदराने डोळे पुसून तिने भावाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं : आठ तारखेच्या संध्याकाळपासून नऊच्या दुपारपर्यंत. गाडी चालवली अठरा तास. विश्रांती दिली नाही.