दोघांना मान्य असलेली जागा

माझी बायको कौटुंबिक न्यायालयात कामाला होती. वेगळे राहणारे आईबाप रविवारी तिथल्या भेटीच्या खोलीत मूल एकमेकांकडे सोपवायचे, त्यावर ती लक्ष ठेवायची. आई मुलाला सोडून दुसऱ्या दाराने निघून गेली की मगच बापाला आत घ्यायचं. दोघांची नजरानजर होऊ द्यायची नाही. "मुलासमोर सोडून जगात कुठेही भांडा," असं ती त्यांना बजावायची.

सरकारने न्यायालयांचा खर्च कमी करायला घेतला, तेव्हा पहिल्या फटक्यात ती खोली गेली. माझ्या बायकोला घरी बसवलं. पालकांनी दोघांना मान्य असेल अशी जागा शोधावी, असा हुकूम निघाला. एक नर्स आणि तिचा बसड्रायव्हर नवरा, यांचं कुठल्याच जागेवर जमेना. शेवटी आमच्या घरावर जमलं. घर पहिल्या मजल्यावर आहे; पुढच्या दाराला एक जिना, स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराला दुसरा. हिची पद्धत तशीच चालू राहिली.

मग ही गेली. आता कोण येणार, असं मला वाटलं. पण दुसरी जागा ठरवायची तर त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं. ते येत राहिले. मी सुतार माणूस. दार उघडायचं आणि लावायचं, एवढं मला जमण्यासारखं होतं.

त्या रविवारी नर्सबाई मुलीला सोडून स्वयंपाकघरात गेल्या आणि चपलेचा पट्टा तुटला म्हणून तिथेच पिन लावत बसल्या. मला वाटलं, गेल्या. मी ड्रायव्हरला आत घेतलं. मुलगी पायात भिंगरी असल्यासारखी फिरायची म्हणून हिने तिचं नावच भिंगरी ठेवलं होतं. आज ती सतरंजीवर बूट मांडीवर घेऊन गप्प बसली होती. बाप उभा, मी उभा. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय भिंगरे, बाबांकडे जायचंय ना?"

"नाही," ती म्हणाली.

नर्सबाई एका पायात चप्पल घालून बाहेर आल्या. "ऐकलंत काका? मी शिकवलेलं नाही हं."

"तुम्ही विचारलंतच कशाला?" ड्रायव्हर माझ्यावर चिडला. "काकू असं कधी विचारत नव्हत्या."

"पुढच्या तारखेला एवढंच सांगा कोर्टात," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही तिऱ्हाईत. तुमचं ऐकतील."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. आठवड्यातला हा एक दिवस त्याचा होता. माझ्या एका वाक्यावर तो दिवस जाणार होता. पोरीने मान खाली घातली होती.

"दोघं बाहेर व्हा," मी म्हणालो.

"हिच्याबरोबर?"

"जिना रुंद आहे."

दार लावून मी सतरंजीवर बसलो. माझे गुडघे वाजले, ते ऐकून ती जरा हसली. मी काही विचारलं नाही. एकदा विचारून बघितलं होतं, तेवढं पुरे होतं. मग तीच म्हणाली, "आजोबा, मी गेले आणि आजी आली तर?"

"कुठून येईल?"

"कुठे गेलीये, कोणी सांगतच नाही. दर वेळी मी गेल्यावर ती येऊन जाते का?"

पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. लोक भेटायला आले, तेव्हा मी "गेली" म्हणायचो. तेवढ्यावर ते समजून घ्यायचे आणि पुढचं बोलणं टळायचं. पोरीला तसं सांगून चालणार नव्हतं.

"आजी मेली," मी म्हणालो. "ती आता येणार नाही. तू थांबलीस तरी नाही आणि गेलीस तरी नाही."

तिने माझ्याकडे टक लावून बघितलं. "मग तुम्हाला जेवायला कोण वाढतं?"

"मीच."

"येतं तुम्हाला?"

"नाही येत," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. तिने बूट बाजूला ठेवून माझी बाही धरली.

थोड्या वेळाने मी दार उघडलं. दोघं जिन्याच्या दोन टोकांना उभे होते. काय झालं ते मी सांगितलं.

"तू सांगितलं नाहीस तिला?" ड्रायव्हर म्हणाला.

"मला वाटलं, तू सांगितलंस."

"मी? सहा दिवस तुझ्याकडे असते ती."

"आणि ती इथे येते ते तुझ्यासाठी."

"हळू," मी म्हणालो. "कोर्टाने विचारलं तर मी सगळंच सांगेन. ती नाही म्हणाली, तेही आणि कशासाठी म्हणाली, तेही. अर्धं मागाल तर देणार नाही."

नर्सबाईंनी घड्याळ बघितलं. त्यांना ड्युटीला उशीर होत होता. त्या आत येऊन पोरीजवळ बसल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि उठल्या.

"आज तिला कुठे नेऊ नकोस," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "इथेच बस."

"बसतो."

"आणि काका, परत विचारू नका तिला काही."

"नाही विचारणार."

त्या पुढच्याच दाराने गेल्या. ड्रायव्हरने बूट काढले आणि सतरंजीवर मांडी घातली. भिंगरी त्याला विचारत होती, मेलेल्या माणसाला थंडी वाजते का. मला वाटलं, तो काहीतरी गोडगोड सांगेल. तो म्हणाला, "मला माहीत नाही गं." मी स्वयंपाकघरात जाऊन मागच्या दाराला कडी लावली आणि तिघांसाठी जेवायला काय करता येईल ते बघू लागलो.