लुक्काहून रिकामा आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पेढेघाटी डबा आहे. आत्ता मला धुऊनपुसून एका परक्या ओट्यावर पालथं घातलं आहे आणि पोटात काही नाही, म्हणून बोलायला सवड मिळाली. एरवी मी भरलेला असतो. भरल्या तोंडाने बोलू नये, ही शिकवण मी काटेकोरपणे पाळतो.

पेढेघाटी म्हणजे पेढ्याच्या आकाराचा. अंगाने बसका, कडेने गोलसर आणि वर फुगीर झाकण. झाकण असं घट्ट की मुंग्यांनी माझ्यापुढे केव्हाच हात टेकले. माणसांनाही ते चटकन उघडत नाही. कडेला अंगठा ठेवून जरा तिरका दाब द्यावा लागतो. तो ज्याला जमला त्याच्याशी माझं जमतं.

माझा जन्म पुण्याचा. भांड्यांच्या दुकानात मी पाय न हलवता बरेच दिवस काढले. मग एका बाईंनी मला उचललं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि नाव घालणाऱ्याच्या हाती दिलं. त्याची सुई र्रर्र करत माझ्या पोटावरून फिरली. गुदगुल्या होत होत्या की दुखत होतं, ते आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून माझ्या अंगावर अक्षरं आहेत : ‘चि. वसुधास, मावशीकडून.’

लग्नातल्या तांब्यांच्या आणि ताटांच्या ढिगात मी वसुधाच्या घरी आलो. तिच्या हाताखाली मी जे काम केलं, त्याचा मला अभिमान आहे. मी घरात कमी आणि बाहेर जास्त असे. तिचे बेसनाचे लाडू घेऊन मी शेजारी जायचो आणि येताना करंज्या घेऊन यायचो. डिंकाच्या वड्या पोहोचवल्या की परतीला लिंबाचं लोणचं मिळायचं. डबा रिकामा परत करायचा नाही, हा त्या आळीतला रिवाज होता. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. मी दारातून आत आलो की वसुधा आधी मला हलवून बघायची, मग हसायची. ते हसू माझं बक्षीस होतं.

वसुधाचे यजमान रवींद्र हा घड्याळाचा माणूस. गाडी सुटायच्या कितीतरी आधी फलाटावर जाऊन उभं राहणारा. मनाने अत्यंत चांगला, पण त्याच्याबरोबर चहासुद्धा घाईत प्यावा लागे.

एकदा दोघं सहल कंपनीबरोबर युरोपला निघाली. मी लाडवांनी भरून पिशवीत होतोच. रोज नवं गाव. छत्री उंच धरलेल्या गाइडमागे सगळे धावायचे. अशात एका दुपारी बस लुक्का नावाच्या जुन्या इटालियन गावाशी थांबली. गावाभोवती जाडजूड तट, तटावर झाडं, आत अरुंद गल्ल्या. आणि तिथे आमच्या मंडळींनी काय खाल्लं? वरणभात, बटाट्याची भाजी आणि पापड! सहलीबरोबर स्वयंपाकाचा महाराज होता ना. बसच्या सावलीत पंगत बसली आणि सगळ्यांना घरच्यासारखं वाटलं.

वसुधाला काही तसं वाटलं नाही. ती मला घेऊन हळूच एका गल्लीत शिरली. तिथे एका दुकानाच्या काचेमागे भली मोठी गोल परात होती आणि परातीत काहीतरी पिवळंधमक. दुकानातली बाई दाराशी आली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण दोघी हातांनी भरपूर बोलल्या. वसुधाने मला उघडून पुढे केलं. बाईने लाडू चाखला, डोळे मिटले आणि सगळे लाडू एका थाळीत काढून घेतले. मग मला स्वच्छ धुतलं, पुसलं, संगमरवरी ओट्यावर ठेवलं, वसुधाला तळहात दाखवून ‘थांबा’ अशी खूण केली आणि ती भट्टीकडे गेली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. रवींद्र घामाघूम होऊन गल्लीत आला.

“अगं चल! सगळे बसमध्ये बसलेत.”

“अहो, ती आत गेलीय. थांब म्हणालीय मला.”

“बस थांबणार आहे का?” असं म्हणत त्याने मला ओट्यावरून उचललं आणि तिचा हात धरून चालू लागला.

बसमध्ये वसुधाने सवयीने मला हलवून पाहिलं. मग ती मोठ्याने हसली. “माझा डबा जन्मात पहिल्यांदा रिकामा परत आला! आता इथे पुन्हा यायला हवं. पण तेव्हा घाई नाही हं. सकाळी यायचं, दिवसभर भटकायचं, खायचं आणि संध्याकाळी जायचं.”

“येऊ की,” रवींद्र म्हणाला.

पुढे मला भरताना दर वेळी ती लुक्काची आठवण काढायची आणि तो दर वेळी ‘येऊ की’ म्हणायचा. मग वसुधा आजारी पडली. दवाखान्यात रवींद्र मला घेऊन जायचा, मऊ भात भरून. त्या भातानंतर तिच्यासाठी माझ्यात कुणी काही भरलं नाही.

त्यांची मुलगी विभा सिंगापूरला वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. ती वडिलांना इकडे घेऊन आली आणि त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत मी आलो. विभाच्या घरी पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे आहेत. ते थेट मायक्रोवेव्हमध्ये जातात. मी गेलो तर ठिणग्या उडतात. त्यामुळे माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. फळीवर बसणं मला मानवत नाही, पण मला कोण विचारतो?

रोज सकाळी रवींद्रआजोबा मला खाली काढायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे. एकदा विभाने माझ्यात चिवडा भरला. आजोबांनी तो मुकाट्याने दुसऱ्या डब्यात ओतला. “आईचा डबा आहे,” एवढंच म्हणाले. त्यांचं जेवणही कमी झालं होतं. शनिवारी सगळे ईस्ट कोस्टला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत जायचे. नात जाई ताटावर ताट संपवायची आणि आजोबा समोरचा चमचा नुसता फिरवायचे. शेजारच्या मिसेस टॅन लिफ्टमध्ये “अंकल, ईटन ऑलरेडी?” असं आपुलकीने विचारायच्या. आजोबा मान हलवायचे आणि मजल्यांचे आकडे बदलताना बघत राहायचे. माणूस असा आतून मिटत चाललेला बघणं फार वाईट, मित्रांनो. मी तर डबा. मला उघडायचं कसं ते ठाऊक, पण उघडणारे हात माझे नव्हेत.

मग या वर्षी विभाचं कामानिमित्त इटलीत पिसाला जायचं ठरलं. “बाबा, तुम्ही आणि जाईसुद्धा चला,” ती म्हणाली. “तिथून लुक्का अगदी जवळ आहे. माझं काम संपलं की एक अख्खा दिवस आपला.”

 दुसऱ्या दिवशी आजोबा एकटे एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, लिटिल इंडियात गेले, बेसन आणि तूप घेऊन आले आणि जन्मात पहिल्यांदा लाडू करायला कढईपुढे उभे राहिले. आता गंमत ऐका. लाडवाला रवाळ बेसन लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी भज्यांचं बारीक बेसन आणलं. लाडू वळले की बसायचे. माझ्यात ठेवले तेव्हा ते माझ्याहून बसके झाले होते. जाईने एक खाल्ला आणि तिची जीभ टाळूला चिकटली. “आजोबा, कान्ट टॉक!” ती कशीबशी म्हणाली. विभा म्हणाली, “मी दुसरे करते.” पण आजोबांनी झाकण लावलं. मी भरलो होतो. लाडू कसे का असेनात, मी भरलो होतो!

लुक्काला आम्ही सकाळीच पोहोचलो. स्टेशनसमोर तट तसाच होता. आजोबांनी हातातलं घड्याळ काढून विभाच्या पर्समध्ये टाकलं. “आज मला वेळ सांगू नकोस,” ते म्हणाले.

असा दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता. विभा आणि जाई भाड्याच्या सायकलींवरून तटावर फेऱ्या मारत होत्या आणि आजोबा मला मांडीवर घेऊन झाडाखाली बसले होते. खाली कौलांची छपरं, मध्येच घंटेचा आवाज. एका मनोऱ्याच्या डोक्यावर चक्क झाडं वाढलेली होती. आम्ही तिथल्या एका देवळासमोर, म्हणजे चर्चसमोर, उभे राहिलो. त्याच्या दर्शनी भागावरच्या खांबांची नक्षी वेगवेगळी होती. “तुझ्या आईने इथून पाय काढला नसता,” आजोबा म्हणाले. लंबगोल चौकात उन्हात बसून त्यांनी कॉफी घेतली, ती गार होईपर्यंत पुरवली. जाईने बुचेल्लातो नावाचा मनुका घातलेला गोड पाव आणला. त्याला बडीशेपेचा वास होता. आजोबांनी वास घेतला, चिमूटभर तोडून तोंडात टाकला आणि बाकीचा जाईला दिला. विभाने हळूच तिकडे पाहिलं. चिमूटभर तर चिमूटभर, असं मला वाटलं.

दुपारी ते गल्ल्यांमधून काचा बघत चालू लागले. बरंच चाललो. मग एका काचेमागे ती गोल परात दिसली आणि त्यात ते पिवळंधमक. आता ओट्यामागे एक तरुणी होती, बाह्या वर सारलेली. विभा भाषांतरासाठी फोन काढू लागली.

“फोन नको,” आजोबा म्हणाले.

त्यांनी मला पिशवीतून काढलं, कडेला अंगठा ठेवला आणि तिरका दाब दिला. त्यांना तो जमत होता! मी पटकन उघडलो. तरुणीने लाडू खाल्ला. तिचीही जीभ चिकटली, तिने गालांवर हात मारले आणि ती हसत सुटली. मग एक थाळी ओढून तिने लाडू काढून घेतले. मला धुतलं, पुसलं, ओट्यावर ठेवलं. माझ्या बुडाला तोच गार संगमरवर लागला. तिने तळहात वर केला. थांबा. आणि ती भट्टीकडे गेली.

वेळ जाऊ लागला. भट्टीत काहीतरी भाजून व्हायचं होतं बहुतेक. विभाने फोनकडे पाहिलं. “बाबा, पुढची ट्रेन जाईल हं.”

“जाऊ दे ट्रेन.” आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. “तिने थांब म्हटलंय.”

ते थांबले, मित्रांनो. दारातून गिऱ्हाइकं आली आणि गेली, आजोबा हलले नाहीत. शेवटी ती आतून नवी परात घेऊन आली, तिच्यातले मोठमोठे तुकडे कापले, वर मिरपूड भुरभुरली आणि ते माझ्यात गच्च भरले. “चेचीना,” ती म्हणाली. मी पोटातून ऊन ऊन झालो.

दुकानाच्या पायरीवर बसून तिघांनी मला उघडलं. वरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत. आजोबांनी एक घास घेऊन सावकाश चावला. जाईने मोठा घास घेतला आणि ओरडली, “आजोबा, इट्स जस्ट बेसन लाह!”

बेसनच होतं ते. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ. आपलं धिरडंच म्हणा ना, भट्टीतून आलेलं. वसुधा बेसन देऊन आली होती आणि तिला बेसनच मिळणार होतं. आजोबा हसायला लागले. हसता हसता त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

“एवढंच थांबायचं होतं गं,” ते म्हणाले. “एवढंच.”

विभा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले, दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. आणि मग कित्येक महिन्यांत न ऐकलेलं वाक्य ऐकू आलं : “अजून मिळेल का?”

मित्रांनो, आता मी वरच्या फळीवर नसतो. परत आल्यावर आजोबा पुन्हा लिटिल इंडियात गेले आणि या खेपेला विचारून रवाळ बेसन आणलं. लाडू बऱ्यापैकी गोल झाले. ते माझ्यात भरून आज सकाळी त्यांनी शेजारची बेल वाजवली. ज्या परक्या ओट्यावर मी पालथा आहे, तो मिसेस टॅन यांचा. त्यांनी लाडू काढून घेतले, मला घासलं आणि आता त्या गॅसपाशी काहीतरी करत आहेत. नारळाचा आणि गुळाचा वास सुटला आहे.

तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल. नाव घातलेला, कडेला पोचा आलेला. त्याला फळीवर ठेवून नुसता पुसत बसू नका. त्याला भरा आणि कुणाच्या तरी दारात पाठवा. आणि त्या दारातून कुणी ‘थांबा’ म्हणून आत गेलं, तर कृपा करून थांबा.

मघाशी मिसेस टॅन दारातून म्हणाल्या, “अंकल, यू वेट आह, डोन्ट गो फर्स्ट!” इतक्यात जाऊ नका, असं त्यांचं म्हणणं. दार उघडंच आहे. बाहेर पॅसेजमध्ये आजोबांच्या पायांतल्या चपला दिसत आहेत, अजिबात हलत नाहीत.